नानांचा सत्कार करायचाय, पण कसा? (नाना ऐकत नाहीत)

गोदातीर

मंडळी, सल्ला हवाय.

आमच्या पंचवटीत, रामकुंडापासून चार मिनिटांवर एक दुकान आहे. अर्धं किराणा, अर्धं पूजेचं नि दशक्रियेचं सामान. डाव्या हाताला तूरडाळ, साबुदाणा, गुळाची ढेप; उजव्या हाताला दर्भाच्या जुड्या, काळे तीळ, जवाचं पीठ, मातीची मडकी. मालकांना सगळी गल्ली नाना म्हणते. नाव-आडनाव देत नाही, त्यांना चालायचं नाही, आणि ज्यांना ओळखायचं त्यांनी एव्हाना ओळखलं असेल. दुकानाला पाटी नाही. कपालेश्वरासमोर नंदी नाही, तशी नानांच्या दुकानावर पाटी नाही.

नाना कुठल्या निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. पण गल्लीतली निम्मी भांडणं त्यांच्या गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसून मिटलेली आहेत. नळाच्या वेळेवरून, भाऊबंदकीच्या भिंतीवरून, मंडळाच्या हिशेबावरून. प्रचाराला येणारा प्रत्येक उमेदवार आधी तिथे येऊन पाया पडतो आणि नाना प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात, 'ड्रेनेजचं काय झालं?'

येत्या कार्तिकात नानांचं सहस्रचंद्रदर्शन. आम्ही सहा-सात जण जमलो. एकाचं म्हणणं मोठा कार्यक्रम, शाल-श्रीफळ, मानपत्र. दुसऱ्याचं म्हणणं चौकाला नाव द्यावं. तिसरा म्हणतो स्मरणिका काढा. शेवटी नानांनाच विचारायला गेलो. ते म्हणाले, 'तेल किती देऊ ते सांग, मागे गिऱ्हाईक थांबलंय.'

काय करावं?

मिसळीतला पाव

फ्लेक्स लावू नका एवढीच हात जोडून विनंती. रविवार कारंजावर आधीच आभाळ दिसत नाही.

पंचांगवाली

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब लोक हमखास चुकवतात म्हणून सांगते. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५३ दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षं आणि १० महिने. म्हणजे ऐंशी पूर्ण झाल्यावर लगेच नाही, एक्याऐंशीत. कार्तिकात बसतंय का ते जन्मतारखेवरून बघून घ्या. जन्मतारीख खरी असेल तर! आमच्या सासऱ्यांची शाळेतली तारीख १ जून होती. त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे.

गोदातीर

@पंचांगवाली, नानांचीही १ जूनच आहे :) पण त्यांच्या आईनं सांगितलेलं तिथीचं गणित वेगळं आहे, कार्तिक बसतोय.

आडगाव नाका

ओळखले नाना. आडगाव नाक्यावर राहायला गेलो त्याआधी आम्ही त्याच गल्लीत होतो. एक प्रसंग लिहितो, स्मरणिकेत घ्या हवं तर.

१९ सप्टेंबर २००८. पितृपक्ष चालू होता, म्हणजे नानांचा वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम. तीळ-जवाची पोती भरून ठेवलेली. बाहेरगावची माणसं रामकुंडावर श्राद्धाला आली की पिशव्या, चपला, पाकिटं नानांच्या दुकानात ठेवून जायची. पावती नाही, बिल्ला नाही. नाना फक्त चेहरा बघायचे. त्या दिवशी गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) पाणी वाढतंय हे सकाळपासून दिसत होतं, पण वरून धरणातून विसर्ग सुटला आणि बघता बघता नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा मी नानांच्याच ओट्यावर होतो. म्हटलं, पोती वर घेऊ. नाना म्हणाले, 'आधी लोकांच्या पिशव्या.' आम्ही दोघं आणि त्यांचा भाचा, तिघांनी एकेक पिशवी माळ्यावर चढवली. चौदा होत्या. मी मोजल्या कारण नाना मोठ्यानं मोजत होते. चौदावी वर गेली तोवर पोती भिजून फुटली होती. गुडघाभर पाण्यावर काळ्या तिळांची साय धरली होती. मी आजही तिळाची चटणी खाताना ते बघतो.

त्या पुरात दुकानाची एक फळीही वाहून गेली.

पाणी ओसरल्यावर पिशव्यांचे मालक एकेक करून आले. दोन पिशव्या दिवाळीपर्यंत तिथेच होत्या. नानांनी एकही उघडली नाही. 'आत डबा असेल तर वास येईल,' मी म्हटलं. 'येऊ दे,' म्हणाले. आला.

खडीसाखर

'येऊ दे, म्हणाले. आला.' — हसू का रडू.

पेठेतला

पण मोठा पूर २००८चा नव्हे, १९६९चा. आमचे आजोबा सांगायचे, त्या वर्षी कुठवर पाणी आलं होतं ते.

आडगाव नाका

@पेठेतला, कबूल. नानांच्या दुकानात आतल्या भिंतीवर गेरूनं रेघा आहेत. ६९, ०८, १६, १९. सगळ्यात वरची ६९ची, ती त्यांच्या वडिलांनी मारलेली. तिच्याखाली तीन, नानांच्या हातच्या. कोण कोणाच्या वर यावर दरवर्षी जुलैमध्ये दुकानात परिसंवाद असतो.

गंगापूर रोडकर

२०१६ जास्त होता. २ ऑगस्टला मी होळकर पुलावरून स्वतः बघितलं.

पेठेतला

पुलावरून बघितलंत, घरात नव्हतं ना आलं? मग तुमचा पूर आमच्या पुराला लागत नाही.

मिसळीतला पाव

झाला सुरू. नाशकात दोन विषयांवर एकमत नाही: कोणता पूर मोठा आणि कोणाची मिसळ खरी.

कट्टेकरी

मिसळीचा विषय काढू नका, धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि नाना ऐंशीचे नव्वद होतील.

उत्तर ध्रुव

मी टोरांटोत. २०२१च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. विमानं बंद, नाशकात भाऊ स्वतः आजारी. अस्थींचं काय हा प्रश्न. कोणीतरी नानांचा नंबर दिला. मी फोन केला तेव्हा तिकडे पहाट असणार, मला वेळेचं भानच नव्हतं. त्यांनी मला आधी बाबांचं नाव विचारलं. मग गाव. मग म्हणाले, 'तुमचे उपाध्ये कोण ते माहितीये का?' मला कुठलं माहीत. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला. आमच्या घराण्याची वही ज्या तीर्थोपाध्यायांकडे आहे ते शोधून काढले होते. त्या वहीत माझ्या पणजोबांची सही निघाली. मोडीत. तिचा फोटो त्यांच्या भाच्यानं पाठवला.

सगळं सामान त्यांनी दिलं, उभे राहून करवून घेतलं. पैसे विचारले तर आकडा सांगितला: तीळ, पीठ, दर्भ, मडकं, फुलं, बेरीज. दहा रुपये कमी नाही, जास्त नाही. मी जास्त पाठवले ते परत आले. त्या वर्षी सगळं जग ज्या त्या गोष्टीचे वाटेल ते भाव लावत होतं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

गोदातीर

हे मला माहीतच नव्हतं. नाना बोलले नाहीत कधी.

तिसरी गल्ली

सगळे गोड लिहितायत म्हणून मी थोडं कडू लिहिते. लहानपण त्याच भागात गेलं. माझे वडील प्यायचे. महिन्याचं सामान नानांकडून उधारीवर यायचं. मी सातवीत असताना एकदा बाबा दुकानात गेले, मी सोबत होते. चार गिऱ्हाइकं उभी होती. नाना म्हणाले, 'तुझ्या हातात माल देणार नाही. वहिनींना पाठव.' एवढंच. आवाज चढवला नाही. पण चार माणसांत म्हणाले. त्यातली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई होती. पुढचा महिनाभर शाळेत मला काय ऐकावं लागलं ते मलाच माहीत.

आज कळतं की बाबा ते सामान परत विकून प्यायचे, आणि नाना हे ओळखून होते. आईला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. हे सगळं कळूनही तो दिवस मला आठवतो. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्यामुळे मानपत्रात 'अजातशत्रू' वगैरे शब्द टाकू नका प्लीज.

खडीसाखर

@तिसरी गल्ली, तुमचं दुःख समजतं. पण त्यांनी तुमच्या आईला आधारच दिला ना? हेतू चांगला होता.

तिसरी गल्ली

हेतू चांगला होता हे मीच वर लिहिलंय. पुन्हा समजावून सांगू नका.

सटाणेकर

ताईंचं बरोबर आहे. आमच्या सटाण्याचं उदाहरण देतो. देवमामलेदार यशवंतराव महाराज सगळ्यांना माहीत असतील. बागलाणचे मामलेदार, १८७०-७१च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला. १ लाख २७ हजार रुपये, आमच्याकडे पोरगंही हा आकडा सांगतं. मग तपासणीला साहेब आला तर खजिन्यात रक्कम जशीच्या तशी, अशी कथा आहे. १८८७ साली ते नाशकातच वारले, तुमच्या गंगाघाटावर त्यांचं मंदिर आहे. सटाण्यात मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते.

मी लहानपणापासून यात्रेला जातो, श्रद्धाही आहे. पण मला कायम वाटत आलंय, की पैसे परत आले ही कथा सांगून आपण त्यांचं धाडस कमी करतो. नोकरी जाईल, बेड्या पडतील हे माहीत असून किल्ली फिरवली, ती खरी गोष्ट. खजिना भरलेलाच निघाला तर मग त्या माणसानं गमावलं काय? नानांनाही देव करू नका. त्यांची तिळाची पोती भिजली, ती भिजलेलीच राहू द्या.

पंचांगवाली

@सटाणेकर, टाळ्या. आणि त्या मंदिरासमोरच्या पटांगणातच वसंत व्याख्यानमाला होते, १९२२ पासून. सत्काराचा कार्यक्रम तिथेच ठेवता येईल का?

गोदातीर

पटांगणात ठेवला तर नाना येणारच नाहीत. दुकान बंद ठेवावं लागेल ना!

गंगापूर रोडकर

चौकाला नाव द्या. अर्धपुतळा बसवा. लोकवर्गणी सहज जमेल.

वकीलसाहेब

पुतळ्याचं विसरा. सार्वजनिक रस्त्यावर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३चा आदेश आहे. शिवाय माणूस हयात आहे हो. समोर स्वतःचा पुतळा बघत तूरडाळ मोजायची का त्यांनी?

मिसळीतला पाव

आणि कावळे. कावळ्यांचा विचार करा. दशक्रियेच्या दुकानासमोर पुतळा म्हणजे आयतीच बैठक.

कट्टेकरी

@मिसळीतला पाव 😂😂 पिंडाला शिवत नाहीत पण नानांच्या डोक्यावर नक्की बसतील.

पेठेतला

उधारीचा विषय निघालाय तर. नानांच्या लाल कापडी वह्यांत आमच्या वडिलांच्या नावावर किती निघेल देव जाणे. नोटबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये रात्रंदिवस नोटा छापत होते आणि आम्ही तिथून दहा किलोमीटरवर एटीएमच्या रांगेत. तेव्हा नानांनी दुकानात पुठ्ठा लावला होता: 'नोटा आल्यावर द्या.' देशाच्या नोटा छापणारं गाव, आणि गावानं दोन महिने वहीवर खाल्लं.

माझी सूचना: ज्यांच्या ज्यांच्या घरची जुनी उधारी आहे ती सगळ्यांनी मिळून फेडू. तोच सत्कार.

खडीसाखर

अप्रतिम कल्पना! +१

कट्टेकरी

+१

वकीलसाहेब

कल्पना चांगली, कायदा सांगून ठेवतो. मुदतीचा कायदा १९६३, उधारीनं विकलेल्या मालाच्या वसुलीला ३ वर्षं. त्यानंतर कोर्टात दावा टिकत नाही. पण देणं मरत नाही, फक्त वसुलीचा दरवाजा बंद होतो. आणि मुदत उलटलेलं देणं 'मी देईन' असं लिहून सही केली तर करार कायदा १८७२च्या कलम २५प्रमाणे ते बंधनकारक होतं. तेव्हा या धाग्यावर भावनेच्या भरात आकडे लिहू नका, नाना वकील करतील :)

पेठेतला

मी पाच हजार लिहितो. करा दावा.

आडगाव नाका

दावा करायला वही हवी. नानांच्या जुन्या वह्या २००८ला सगळ्यात खालच्या फळीवर होत्या. लगदा झाला. मी स्वतः घमेल्यानं बाहेर काढला. वर चौदा पिशव्या आणि खाली चाळीस वर्षांची उधारी, असा त्या दिवशीचा जमाखर्च.

पेठेतला

…म्हणजे आमचं सगळं माफ?

आडगाव नाका

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही घातली, पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्या पानावर नवं खातं. मागची बाकी ओढलीच नाही. कोणी आपणहून आणून दिलं तर घ्यायचे. बरेच जण देऊन गेले. तुमचे वडील गेले होते का ते मात्र नाना सांगणार नाहीत.

पेठेतला

आईला विचारतो.

उत्तर ध्रुव

मला वाटतं नानांना पैसे, शाल, पुतळा काही देण्यापेक्षा त्यांना काय हवंय ते कोणीतरी नीट विचारा. उभ्याउभ्या नाही. दुकान उघडायच्या आधी जा.

गोदातीर

@उत्तर ध्रुव, ऐकलं तुमचं. आज सकाळी सहा वाजता गेलो होतो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

नाना फळ्या काढत होते. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: शटर नाही, अजून सागाच्या अकरा फळ्याच आहेत. खाली उंबऱ्यात खाच, वर तुळईत खाच. एकेक फळी उचलायची, वरच्या खाचेत घुसवून खालून सोडवायची, सरकवायची, काढायची. प्रत्येकीवर गेरूनं आकडा, कारण क्रम चुकला की शेवटची बसतच नाही. नाना पाचवीपर्यंत आले आणि थांबले. उजवा खांदा धरून उभे राहिले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, 'थांब, ही वरून अडकते.' अडकली होती खरीच. दोघांनी मिळून काढली. मग उरलेल्या मी काढल्या, त्यांनी नुसत्या सूचना दिल्या. सातवी वेगळीच आहे, बाकीच्यांपेक्षा बारीक, हिरवा जुना रंग, मधोमध कुलपाचं भोक. पुरानंतरची. ती उलटी लागते, आकडा आतून आहे.

सगळ्या भिंतीला टेकवून झाल्यावर ते स्टुलावर बसले. मी म्हटलं, 'नाना, खरं सांगा, काय करू आम्ही?' बराच वेळ काही बोलले नाहीत. गल्ल्यातली सुटी नाणी लावत होते. मग म्हणाले, 'करायचंच असेल काही तर सकाळी कोणीतरी येत जा. भाचा आता पुण्याला असतो. खांदा वर जात नाही माझा.'

झालं. एवढंच मागणं आहे.

मी शटरचं विचारलं. म्हटलं वर्गणी काढून बसवून देतो, एका हातानं उघडेल. तर म्हणाले, 'पूर आला की शटर वाकतं. फळ्या वाहून जातात, पण सापडतात.'

खडीसाखर

(निःशब्द.) एक सापडली नाही ना पण, सातवी?

तिसरी गल्ली

सातवी फळी आमच्या कपाटाची आहे.

हिरवं कपाट, देवघराशेजारचं. पुरानंतर दोन दिवसांनी बाबांनी त्याचं एक दार काढलं आणि खांद्यावर टाकून घेऊन गेले. दारू सुटून तेव्हा काही वर्षं झाली होती. आई ओरडत होती, कपाटात साड्या होत्या तिच्या. आता कोणी 'बघा, माफ केलं' असं लिहू नका. बाबांनी दाराचा मोबदला घेतला. दोन किलो साबुदाणा. नानांनी वजन करून दिला, बाबांच्या हातात.

आकडा आतून आहे हे मला माहीत नव्हतं.

आडगाव नाका

त्या दाराला रंधा मीच मारला होता, ताई. कोणाचं ते विचारलं नव्हतं.

मिसळीतला पाव

मी सोमवार घेतो. सहा म्हणजे सहाच का? साडेसहा नाही चालणार?

कट्टेकरी

तुम्ही आणि सहा वाजता! गेल्या कट्ट्याला अकराची मिसळ ठरली होती, साहेब साडेबाराला आले. मंगळवार माझा.

पेठेतला

गुरुवार, शुक्रवार मी. आई म्हणते वडील देऊन आले होते, पण निम्मेच. उरलेले मी गुरुवारी घेऊन जातो.

वकीलसाहेब

मुदत संपलेली आहे, पुन्हा एकदा सांगतो. शनिवार माझा लिहा.

गोदातीर

बुधवार अवघड आहे, गंगेवर बाजार असतो, दुकान पावणेसहालाच उघडतं. कोण घेतंय?

तिसरी गल्ली

बुधवारी मी सिडकोतून येऊ शकते. पाचवीला दोन माणसं लागतात म्हणालात ना?

आडगाव नाका

येतो मी. पाचवी वरून धरायची, खालून नाही.

पंचांगवाली

अहो, पण सकाळच्या पाळीचंच ठरवताय सगळे. रात्री लावायच्याही असतात ना त्या?